ओल्या लाकडाचे वाडगे: कातणे, वाळवणे आणि आपली हवा

रायगडकर

या मंचावर लेथ (लाकूड फिरवून कातायचे यंत्र) घेतलेल्या सभासदांचे प्रश्न वाचताना जाणवते की बहुतेकांची अडचण कातण्यात नाही, वाळवण्यात आहे. लेथवरून उतरताना वाडगा देखणा असतो आणि चार दिवसांनी तोच काठापासून निम्म्यापर्यंत चिरलेला सापडतो. मग परदेशी व्हिडिओ पाहून कागदी पिशवी आणली जाते, ढलप्यांत पुरून ठेवले जाते, काठाला मेण लावले जाते, आणि तरीही कधी बुरशी येते तर कधी तडा जातो. हे उपाय चुकीचे नाहीत, पण ते ज्या हवेसाठी सांगितले गेले ती हवा आपली नव्हे, आणि मुळात महाराष्ट्राची म्हणून एकच एक हवा नाहीच. मुरुडच्या जुलैत आणि सोलापूरच्या एप्रिलमध्ये एकच कृती चालवायला गेलो तर दोन्हीकडे नुकसान ठरलेले. म्हणून हा धागा.

ओले लाकूडच का, हा प्रश्न नेहमी येतो. मोठ्या घेराचे, पूर्ण मुरलेले, तीन-चार इंच जाडीचे लाकूड वखारीत सहजी मिळत नाही आणि मिळाले तर परवडत नाही. उलट पावसाळ्यात झाडे पडतच असतात. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा आमच्याकडे आंबा, फणस, सुपारी यांच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या आणि चांगले ओंडके जळणाच्या भावाने गेले. शिवाय ओले लाकूड कातायला मऊ असते, धूळ उडत नाही, पात्याची धार जास्त टिकते. आंब्याचा ताजा ओंडका लेथवर फिरू लागला की समोरच्या भिंतीवर पाण्याची सरळ रेघ उमटते, इतके पाणी त्यात असते.

हे पाणी दोन प्रकारचे असते. एक पेशींच्या पोकळीत मोकळे साठलेले, दुसरे पेशींच्या भिंतींत मुरलेले. मोकळे पाणी आधी निघून जाते आणि ते जाताना लाकूड आकसत नाही, फक्त हलके होते. लाकडाच्या कोरड्या वजनाच्या साधारण 28 ते 30 टक्के एवढेच पाणी उरले की मोकळे पाणी संपले असे समजावे. तिथून पुढे भिंतींतले पाणी जाऊ लागते आणि आकसणे सुरू होते. अडचण अशी की हे सगळीकडे एकाच वेळी होत नाही. काठाचा वरचा थर कोरडा होऊन आकसू पाहतो, आतला भाग अजून ओला आणि फुगलेलाच असतो, मग वरच्या थराला जागा अपुरी पडते आणि तो फाटतो. तळ्यातला गाळ उन्हाने भेगाळतो तो याच कारणाने. त्यामुळे वाडगा किती वेगाने वाळतो यापेक्षा आत आणि बाहेर यांच्यातला फरक किती राहतो, हे पाहणे महत्त्वाचे.

दुसरी गोष्ट म्हणजे लाकूड तिन्ही दिशांना सारखे आकसत नाही. उभ्या रेषेत, म्हणजे खोडाच्या लांबीच्या दिशेने, ते जवळजवळ आकसतच नाही. गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेत ते थोडे आकसते आणि वलयांच्या परिघाच्या दिशेत त्याच्या दीडपट ते दुप्पट. ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरडे होईपर्यंत आंबा गाभ्याकडून सालीकडे सुमारे साडेतीन टक्के आणि परिघावर साडेपाच टक्के आकसतो. सागवान सुमारे अडीच आणि सव्वापाच. परिघ जास्त आणि त्रिज्या कमी आकसणार म्हटल्यावर, मधोमध गाभा असलेली गोल चकती फाटल्याशिवाय राहूच शकत नाही. म्हणून ओंडका गाभ्यातून उभा चिरावा आणि गाभ्याच्या दोन्ही बाजूंचा किमान अर्धा-पाऊण इंच भाग काढून टाकावा. एवढे लाकूड वाया जाते म्हणून हळहळणारे लोक पुढे सगळा वाडगाच जळणात टाकतात.

आता वाडग्याची जाडी. व्यासाच्या एक दशांश जाडी ठेवून कच्चा वाडगा कातावा, वाळू द्यावा आणि मग पुन्हा लेथवर चढवून गोल करावा, हा नियम सर्वांनी ऐकलेला आहे. तो कुठून येतो ते आकड्यांत पाहू. समजा 300 मिलिमीटर व्यासाचा आंब्याचा वाडगा आहे आणि भिंत 30 मिलिमीटर आहे. वाळल्यावर उभ्या रेषेत व्यास 300 च राहिला आणि आडव्या रेषेत साडेचार टक्के घटून 286 झाला. बाहेरून गोल करायचा तर आता 143 त्रिज्येचे वर्तुळ मिळेल. आतली पोकळी उभ्या रेषेत अजून 240 आहे, म्हणजे आतून 120 त्रिज्येपर्यंत जावेच लागेल. हाती 23 मिलिमीटर जाडी राहिली, जी हवी तेवढी कमी करता येते. हीच भिंत सुरुवातीला 15 मिलिमीटर ठेवली असती, तर हिशेबाने 8 उरले असते आणि काठ वरखाली झाल्यामुळे व मध्य सरकल्यामुळे त्यातलेही निम्मे गेले असते. उलट टोकाला जाऊन 50 मिलिमीटर ठेवली, तर आत-बाहेरचा फरक इतका मोठा राहतो की तडा जातोच. भिंत आणि तळ सारख्या जाडीचे असणे हे एक दशांशाच्या नियमाहूनही महत्त्वाचे आहे, कारण नवशिक्यांचे बहुतेक तडे जाड ठेवलेल्या तळातून आणि चकमध्ये (लेथच्या पकडीत) धरायच्या खुंटीतून सुरू होतात.

आता मूळ मुद्दा. लाकूड शेवटी किती कोरडे होणार हे आपल्या हातात नसते, हवा ते ठरवते. साधारण 27 अंश तापमानाला हवेची आर्द्रता 30 टक्के असेल तर लाकडातले पाणी 6 टक्क्यांवर स्थिरावते, 65 टक्क्यांना सुमारे 12, 80 टक्क्यांना 16 आणि 90 टक्क्यांना 20. किनारपट्टीवर पावसाळ्यात हवा बहुतेक काळ 80 ते 90 च्या दरम्यान असते, म्हणजे तिथे वाडगा कितीही दिवस ठेवला तरी 16 च्या खाली जाणार नाही. अशा हवेत तो कागदी पिशवीत कोंबून ठेवणे म्हणजे बुरशीला आमंत्रण. म्हणून जून ते सप्टेंबर मी कच्चे वाडगे उघडे, फळीपासून उचलून, एकमेकांत न ठेवता आणि पंख्याची मंद हवा लागेल असे ठेवतो. खरा धोका पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात असतो. हवा पंधरा-वीस दिवसांत एकदम कोरडी होते आणि चार महिने बिनबोभाट बसलेले वाडगे तेव्हा फुटू लागतात. कागदी पिशव्या तेव्हा वापराव्यात, जुलैत नव्हे.

घाटावर आणि विदर्भात काय करावे याचा अनुभव तिकडच्या सभासदांनी सांगावा.

नवशिका_पुणे

उत्तम आणि सविस्तर लेख. आमच्या सोसायटीतील पर्जन्यवृक्षाची मोठी फांदी पडली, ती कापणाऱ्या माणसाकडून दोन ओंडके घेतले आहेत. दोन शंका आहेत. पहिली, ओंडका लगेच कातणे शक्य नसेल तर तो किती दिवस टिकेल आणि कसा ठेवावा? दुसरी, वाडगा वाळला हे ओळखायचे कसे? ओलावा मोजायचे पिनांचे यंत्र स्वस्तात मिळते, पण त्याचा आकडा दर वेळी वेगळा येतो.

रायगडकर

नवशिका, तुम्ही नशीबवान आहात. पर्जन्यवृक्ष फारच कमी आकसतो, गाभ्याकडून सालीकडे सुमारे दोन टक्के आणि परिघावर साडेतीनच्या आत. मूळ दक्षिण आणि मध्य अमेरिकेतले हे झाड हवाई बेटांवरही भरपूर लावले गेले आणि तिथे त्याच्या वाडग्यांचा मोठा धंदा उभा राहिला, त्यामागे हा गुण आहे. हे लाकूड ओले असतानाच एकदम अंतिम जाडीपर्यंत कातले तरी आकार फारसा बिघडत नाही. सुरुवात करणाऱ्याने याच लाकडापासून करावी असे मी म्हणेन.

ओंडका ठेवायचा असेल तर त्याची लांबी शक्य तेवढी जास्त ठेवा, कारण टोकांचा काही भाग फाटणार हे गृहीत आहे. कापलेल्या दोन्ही तोंडांवर त्याच दिवशी जाड थर द्या; पाण्यातून विरघळणारे मेण मिळाले तर उत्तम, नाहीतर फेविकॉलचे दोन हात किंवा जुना तेलरंग चालतो. उभ्या रेषांच्या उघड्या तोंडांतून पाणी बाजूंच्या मानाने कितीतरी पट वेगाने जाते, म्हणून ती बंद करायची. वितळवलेले पॅराफिन वापरणार असाल तर ते थेट आचेवर ठेवू नका, पाण्याच्या पातेल्यात दुसरे भांडे ठेवून वितळवा. ओंडका सावलीत, विटांवर. हे सगळे करूनही आंबा आणि पर्जन्यवृक्ष पावसाळ्यात दोन-तीन आठवड्यांत काळे-निळे डाग धरू लागतात, त्यामुळे आधी कच्चे वाडगे कातून घेणे हाच उत्तम साठा.

यंत्राविषयी: जाड ओल्या लाकडात पिनांचे यंत्र फक्त वरच्या थराची बातमी देते, आणि 30 टक्क्यांच्या वरचे त्याचे आकडे गंभीरपणे घेऊ नयेत. स्वयंपाकघरातला वजनकाटा जास्त खरा आहे. कच्च्या वाडग्याच्या तळावर पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहा आणि दर आठवड्याला खाली नवे वजन लिहीत जा. वजन घटायचे थांबले म्हणजे तो भोवतालच्या हवेशी समतोल झाला. मात्र ऑगस्टमध्ये वजन स्थिरावले म्हणून वाडगा वाळला असे समजू नये. तो ऑगस्टच्या हवेपुरता वाळलेला असतो आणि नोव्हेंबरात पुन्हा वजन सोडू लागतो.

नेमका आकडा हवाच असेल तर त्याच ओंडक्याचा लहान तुकडा वजन करून ओव्हनमध्ये 103 अंशांवर, वजन घटायचे थांबेपर्यंत ठेवा. समजा ओला असताना 180 ग्रॅम होता आणि शेवटी 100 भरला, तर पाणी 80 टक्के. टक्केवारी कोरड्या वजनावर काढतात, म्हणून ती 100 च्या वरही जाऊ शकते.

विदर्भी_सुतारपक्षी

रायगडकरांनी हाक दिली म्हणून लिहितो. आमच्याकडे बुरशीची भानगड जवळजवळ नाही, पण एप्रिल-मे म्हणजे लाकडाची भट्टीच. दुपारी गरम वारा सुटला की उघडा ठेवलेला ओला वाडगा संध्याकाळपर्यंत काठावर बारीक चिरा दाखवतो. या दिवसांत कातायला घेतले तर मध्ये चहाला उठतानासुद्धा वाडग्यावर ओले फडके टाकावे लागते, आणि त्याच दिवशी तो पूर्ण करून झाकावा लागतो.

आमचा उपाय घरातच आहे. वाळ्याच्या पडद्यांचा कूलर ज्या खोलीत चालतो, तिथली हवा बाहेरच्यापेक्षा पुष्कळ दमट असते. कच्चे वाडगे दोन पदरी वर्तमानपत्रात गुंडाळून त्या खोलीच्या कोपऱ्यात, कूलरच्या झोतात न येतील असे, जमिनीवर ठेवतो. पहिले तीन-चार आठवडे असेच जाऊ द्यायचे, मग एक पदर काढायचा, मग दुसरा. पहिले पाणी सावकाश गेले की पुढचे फारसे त्रास देत नाही. गुंडाळलेला कागद पहिल्या दोन-तीन दिवसांत ओला लागतो, तो बदलावा.

पावसाळ्यात आम्ही उलट निर्धास्त असतो. कच्चे वाडगे कातायला आमच्याकडे श्रावण-भाद्रपद यांच्यासारखे महिने नाहीत.

बाभळीबद्दल एक सूचना. बाभळीत टॅनिन भरपूर असते आणि ओल्या बाभळीला लोखंड लागले की निळे-काळे डाग पडतात. लेथचा लोखंडी पलंग (खालची बैठक), पात्याचा गंज, इतकेच काय पण ओल्या हातांनी धरलेली कानससुद्धा पुरेशी आहे. डाग ताजा असेल तर लिंबाचा रस चोळून धुतला की बहुतांशी जातो.

वखारीतला

आमचा व्यवसाय लाकडाचाच असल्याने किडीविषयी कोणी बोलले नाही याचे आश्चर्य वाटले. आंब्याचे आणि पर्जन्यवृक्षाचे सालीलगतचे फिके लाकूड पिठूर किड्याला फार प्रिय असते, कारण त्यात स्टार्च असतो. वाडगा तडकला नाही, बुरशी आली नाही, पॉलिश झाले आणि सहा महिन्यांनी त्याखाली मैद्यासारखी बारीक भुकटी पडलेली दिसली, असे प्रकार कमी नाहीत. अंडी आधीच घातलेली असतात, किडा बाहेर येतानाचे भोक नंतर दिसते.

माझ्या मते कच्चा वाडगा उकळणे हा सगळ्यांत भरवशाचा मार्ग आहे. भिंत एक इंच जाड असेल तर उकळी आल्यापासून साधारण एक तास, दीड इंच असेल तर दीड तास. अळ्या मरतात, आणि लाकडातला ताण सैलावल्यामुळे पुढे वाळताना तडे कमी जातात. निर्यातीच्या खोक्यांच्या लाकडासाठी आंतरराष्ट्रीय नियम गाभ्यापर्यंत 56 अंश तापमान सलग 30 मिनिटे असा आहे. उकळत्या पाण्यात आपण त्याच्या बरेच पुढे जातो. उकळून झाल्यावर वाडगा त्याच पाण्यात थंड होऊ द्यावा आणि मग सावलीत, वारा न लागेल असा ठेवावा.

शोभेची वस्तू असेल तर टाकणखार आणि बोरिक ॲसिड यांच्या द्रावणात बुडवण्याची पद्धत आहे. ज्यात खायचे त्या वाडग्याला मात्र ती वापरू नये.

काष्ठमयी

वखारीतल्या काकांचा उकळण्याचा उपाय बरोबर आहे, पण त्याने रंग उतरतो हे सांगायला हवे. फणसाचे ताजे लाकूड पिवळेधमक असते; उकळल्यावर पाणी पिवळे होते आणि वाडगा फिकटतो. फणस उन्हा-प्रकाशात पुढे तांबूस-तपकिरी होणारच असतो, त्यामुळे हा तोटा किती मानायचा हे ज्याने त्याने ठरवावे.

मला दुसऱ्याच बाजूने बोलायचे आहे. वाडगा दोनदा कातायचा, मध्ये सहा महिने थांबायचे आणि शेवटी तो गोलच हवा, हा हट्ट का? ओल्या लाकडाचा वाडगा एकाच बैठकीत पाच-सहा मिलिमीटर जाडीपर्यंत कातला, तळासकट सगळीकडे सारखा, तर भिंत इतकी पातळ असते की आत-बाहेरचा फरक उरतच नाही. तो फाटण्याऐवजी वाकतो. काही दिवसांत त्याचा अंडाकार होतो. वाडग्याचे तोंड गाभ्याकडे ठेवले असेल तर आडव्या रेषेवरच्या दोन बाजू खाली बसतात आणि उभ्या रेषांची दोन टोके उंच राहतात, म्हणजे काठाला लाटेसारखा डौल येतो. हा डौल लेथवर कोणालाही कातून आणता येत नाही. मी तर ओंडका निवडतानाच तो किती आणि कुठे वाकेल याचा विचार करून मांडणी करते. पर्जन्यवृक्ष मला म्हणूनच बेचव वाटतो, तो वाकतच नाही.

कातताना मात्र हयगय चालत नाही. काठापासून सुरुवात करून तो भाग पूर्ण संपवायचा आणि मगच खाली उतरायचे; तळ संपवून पुन्हा काठाकडे परत गेलात तर तो तेवढ्यात लंबगोल झालेला असतो आणि पाते अडकते. काठाच्या दोन्ही कडा गोलसर करून घ्याव्यात, कारण धारदार कड आधी वाळते आणि चिरेची सुरुवात तिथेच होते.

रायगडकर

काष्ठमयीताई, तुमच्या पद्धतीला माझा विरोध नाही, फक्त भाजी-आमटी वाढायच्या वाडग्याला मी ती वापरणार नाही. पाटावर डुलणारा वाडगा घरात कोणी दुसऱ्यांदा घेत नाही.

चिरांवरून आठवले. केसासारख्या बारीक चिरा ओल्या लाकडात डोळ्यांना दिसत नाहीत. वाडग्यावर स्पिरिटचे फडके फिरवून दोन मिनिटे थांबावे. बाकीचा पृष्ठभाग सुकतो आणि चिरेत शिरलेले स्पिरिट मागे ओली रेघ दाखवते. त्या दोन टोकांपाशी, जिथे उभे रेषे काठाला संपतात, आधी पाहावे. चीर सापडली तर त्याच वेळी पातळ इन्स्टंट ग्लू सोडावा, पण त्याआधी भोवती लाखेचा हात फिरवावा, नाहीतर फिक्या लाकडात ग्लू पसरून कायमचा डाग पडतो. चीर फिरत्या वाडग्यात वाढत असेल तर मात्र मोह सोडून द्यावा. बारा इंची वाडगा कच्चा असताना मिनिटाला 500 ते 700 फेऱ्यांच्या वर मी जात नाही, आणि तोंडावर पूर्ण ढाल असल्याशिवाय लेथ सुरूच करत नाही. ओला आंबा कातताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालावा. ज्यांना चिकाने पुरळ येते त्यांना त्याच्या ओल्या ढलप्यांनीही येऊ शकते.

शंकासुर

परदेशी मंडळी कच्चे वाडगे अल्कोहोलमध्ये बुडवून आठवड्याभरात वाळवल्याचे दाखवतात. कोणी मायक्रोवेव्ह वापरतात. इथे कोणी केले आहे का? आणि जुना फ्रीज मिळाला आहे, त्यात बल्ब लावून भट्टी करता येईल का?

वखारीतला

अल्कोहोलबद्दल ज्यांनी एकाच ओंडक्याचे वाडगे बुडवून आणि न बुडवून शेजारी ठेवले, त्यांचे निष्कर्ष आपसांत जुळत नाहीत. आपल्याकडे तेवढे स्पिरिट घरात साठवणे परवडणारे नाही आणि शहाणपणाचेही नाही. मायक्रोवेव्ह पातळ, लहान वाडग्याला चालतो; सर्वांत कमी शक्तीवर एक-दोन मिनिटे, मग पूर्ण थंड होईपर्यंत थांबायचे, वजन करायचे, पुन्हा. घाई केली तर आतली वाफ लाकूड फाडते किंवा गाभा जळतो आणि बाहेरून काही कळत नाही. घरच्या जेवणाच्या मायक्रोवेव्हमध्ये हे करू नये, एवढे घरातल्या शांततेसाठी सांगतो.

फ्रीजची भट्टी मात्र उत्तम. खाली एक भोक, वर एक भोक, आत जुन्या पद्धतीचा 40 किंवा 60 वॉटचा बल्ब आणि लहान पंखा. एलईडी बल्ब नको, त्याने पुरेशी उष्णता होत नाही. पहिले दोन आठवडे बल्ब बंद ठेवून फक्त पंखा चालवा. सुरुवातीलाच तापवले तर बाहेरचा थर कडक होऊन आतले पाणी कोंडते. कोकणातल्या लोकांनी पावसाळ्यात हाच मार्ग धरावा, कारण नुसत्या उघड्या हवेत 16 टक्क्यांच्या खाली जाता येणार नाही.

पॉलिइथिलीन ग्लायकॉलबद्दलही विचारणा होते. स्टॉकहोमचे वासा हे जहाज 1961 मध्ये समुद्रातून वर काढल्यावर त्यावर कित्येक वर्षे त्याच द्रव्याचा फवारा दिला गेला. ते पाण्याची जागा घेते आणि लाकडाला आकसू देत नाही. पण ते शोषलेल्या वाडग्यावर पॉलिश नीट बसत नाही आणि दमट हवेत तो चिकट लागतो. जहाजाला ठीक आहे.

थेम्सकाठचा

आपल्याकडून आणलेल्या वस्तूंचे इथे इंग्लंडात काय होते ते सांगतो. हिवाळ्यात घरे बंद आणि दिवसभर हीटिंग, त्यामुळे खोलीतली आर्द्रता 30-40 टक्क्यांवर येते. रत्नागिरीहून पावसाळ्यात आणलेला फणसाचा वाडगा डिसेंबरात माझ्या जेवणाच्या टेबलावर मधोमध उलला. करणाऱ्याने तो वाळवलेलाच होता, पण तिथल्या हवेपुरता. परदेशी देण्यासाठी वाडगा करणाऱ्यांनी तो 8 टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत थांबावे आणि पातळ कातावा, ही विनंती.

सातारकर

आमच्या घरी आजीची काथवट आहे, एकाच लाकडात कोरलेली. तिच्यात भाकरीचे पीठ रोज मळले जाई आणि रोज धुतली जाई, तरी तिला एकच चीर आहे, आणि तीही पत्र्याची पट्टी ठोकून बसवलेली. दोन्ही टोकांना, जिथे रेषे संपतात, तिथे लाकूड बाजूंपेक्षा स्पष्टपणे जाड ठेवलेले आहे. ती कधी तेलाने पुसलेली मी पाहिली नाही. तेव्हा वाडग्याला तेल लावावेच लागते का? आणि लावायचे तर कोणते?

दुसरे, रस्त्यावर पडलेले झाड उचलले तर कोणी हटकेल का?

काष्ठमयी

काथवट रोज वापरात होती हेच तिचे संरक्षण. रोज ओली होणारी आणि रोज सावलीत वाळणारी वस्तू कधी पूर्ण कोरडी होत नाही. तीच काथवट माळ्यावर टाकली की दोन उन्हाळ्यांत फुटते.

तेलाबद्दल. शेंगदाणा, सूर्यफूल, करडई यांपैकी घरात दिसेल ते तेल लावू नका. ही तेले लाकडात घट्ट होत नाहीत किंवा फार सावकाश होतात, चिकट राहतात आणि खवट वास येतो. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, म्हणून ते चांगले. कच्चे, खाण्याचे जवसतेल अगदी पातळ लावायचे, अर्ध्या तासाने उरलेले पुसून काढायचे आणि पुढचा हात देण्यापूर्वी आठवडाभर थांबायचे. पावसाळ्यात दोन आठवडे. हार्डवेअरच्या दुकानातले उकळलेले म्हणून विकले जाणारे जवसतेल जेवणाच्या भांड्याला नको, त्यात लवकर सुकण्यासाठी धातूची क्षारे घातलेली असतात. आणि तेलाचे फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकते. पाण्यात भिजवून टाका किंवा पसरून वाळवा.

चकाकी हवी असेल तर चपडा लाख आहेच. सावंतवाडीचे कारागीर लेथवर फिरणाऱ्या खेळण्याला लाखेची कांडी टेकवून घर्षणाच्या उष्णतेवर जो रंग चढवतात, तो पाहिला की आपली पॉलिशे फिकी वाटतात. पण लाख गरम पदार्थ आणि स्पिरिट सहन करत नाही, म्हणून ती फळांच्या किंवा सुक्या खाऊच्या वाडग्यापुरती.

रायगडकर

सातारकर, कायद्याविषयी. उभे झाड तोडायचे असेल तर शहरी भागात 1975 च्या झाडे जतन कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि ग्रामीण भागात काही जातींच्या झाडांना 1964 चा वृक्षतोड नियमन कायदा लागू होतो. आपला संबंध पडलेल्या झाडाशी आहे, तरी रस्त्यावरचे झाड महापालिकेचे असते. उचलण्यापूर्वी उद्यान विभागाच्या माणसाला विचारावे, बहुतेक वेळा तो आनंदाने देतो. सागवान आणि शिसव यांच्या वाटेला कागदपत्रांशिवाय जाऊच नये, कारण ओंडका गाडीत घालताच वाहतुकीच्या परवान्याचा प्रश्न येतो.

नवशिका_पुणे

सर्वांचे आभार. पर्जन्यवृक्षाचे दोन कच्चे वाडगे कातून झाले, वजने लिहिली. आंब्याचाही एक तुकडा मिळाला आहे आणि तो उकळून पाहायचा विचार आहे. घरात लोखंडी कढई मोठी आहे, ती चालेल का?

वखारीतला

लोखंडी नको. टॅनिनमुळे वाडगा राखाडी होईल आणि तो रंग आतपर्यंत जाईल. ॲल्युमिनियमचे मोठे पातेले किंवा स्टीलचे भांडे घ्या, तळाशी एक चिंधी ठेवा म्हणजे लाकूड तळाला टेकून करपणार नाही, आणि वाडगा वर तरंगत असेल तर त्यावर स्टीलच्याच झाकणाचे वजन द्या. वीट ठेवू नका, विटेचा लाल रंग पाण्यात उतरतो.